ओवी कुठे बघून वाचते

अनुराधा खांबेटे घाबरट आहे असं तिला ओळखणारं कुणी म्हणणार नाही. शारजातल्या अल नहदाहून दुबईतल्या रास अल खोरला ती रोज स्वतः गाडी चालवत जाते, आणि जिथे इंडिकेटर देणं हा दुबळेपणा समजला जातो त्या रस्त्यावर इंडिकेटर देऊन लेन बदलते. एसीचे डक्ट विकणाऱ्या एका कंपनीत ती खरेदी बघते. आलेला खोका फोडून आतला माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करायची नाही हा तिचा बाणा, त्यामुळे पुरवठादारांच्या ड्रायव्हरांत ती 'खोलो मॅडम' म्हणून प्रसिद्ध आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाटक बसलं की प्रॉम्प्टिंग तिच्याकडे असतं. विंगेतला तिचा आवाज नटाला ऐकू येतो आणि पहिल्या रांगेला येत नाही. ही कला तिने पुण्यात कॉलेजात असताना कमावली, आणि तिचा पुढे इतका उपयोग होईल असं तिला वाटलं नव्हतं.

अशी ही बाई बावीस सालच्या नोव्हेंबरात एका मेनूकार्डाला घाबरली.

त्यांच्या इमारतीखालचं उडुपी हॉटेल करोनात बंद पडलं होतं ते नुकतंच पुन्हा उघडलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी नवरा निनाद जबल अलीहून, म्हणजे गोदामांच्या आणि कंटेनरांच्या गावाहून, कामावरून ट्रॅफिकमधून जिवंत परत आल्याच्या आनंदात सगळे खाली उतरले. सात वर्षांच्या ओवीने कार्ड पुढे ओढलं.

"आय विल रीड! टोमॅटो सूप. स्वीट कॉर्न सूप. इडली, टू पीसेस. वडा, टू पीसेस." एकेका ओळीखालून बोट फिरत होतं. आवाज खणखणीत होता. "चीज डोसा. आय वॉन्ट चीज डोसा."

"सोळा दिरहम!" निनाद म्हणाला. "म्हणजे साडेतीनशे रुपये. आणि आत चीज कुठे आहे ते आपण शोधायचं."

विष्णू नावाचा वेटर वही घेऊन उभा होता. तो जुनाच होता, हॉटेल नवं होतं. तो हसून म्हणाला, "बेबी, सूप तो कोविड में ही खलास हो गया."

अनुराधाने कार्ड आपल्याकडे वळवलं. पहिल्या पानावर ज्यूस होते. दुसऱ्यावर चाट. सूप कुठेही नव्हतं, आणि इडली एका पीसची झाली होती. ओवीने वाचलं होतं ते तीन वर्षांपूर्वीचं मेनूकार्ड, आणि त्यात एकही चूक नव्हती.

"फोटोग्राफिक मेमरी!" निनाद म्हणाला. "माझ्यावर गेली."

अनुराधाने डोसा मागवला आणि तसाच ठेवला.

घरी आल्यावर तिने शाळेचं पुस्तक काढलं. ओवीने ते धडाधड वाचलं, योग्य जागी पान उलटलं, उद्गारचिन्हाला आवाज चढवला. मग अनुराधाने एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं, 'मांजराने बस खाल्ली', आणि कागद तिच्यापुढे ठेवला.

"हे वाच बरं."

ओवी म्हणाली, "द कॅट... एट... द बस." आणि हसली. "दॅट्स सिली, मम्मा."

अनुराधाचा जीव भांड्यात पडला. ती निनादला हाक मारायला मान वळवणार तेवढ्यात तिच्या एक लक्षात आलं. ओवीने कागदाकडे बघितलंच नव्हतं. ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

तिने दुसरं वाक्य लिहिलं आणि ओठांवर तळहात ठेवला. ओवी थांबली. आधी कागदाकडे, मग हाताकडे, मग पुन्हा कागदाकडे. कागदाकडे ती जशी बघत होती तसं अनुराधा अरबी पाट्यांकडे बघते, म्हणजे नक्षी म्हणून.

"मम्मा, मूव्ह युअर हँड."

ही मुलगी शाळेत जायला लागली आणि शाळा बंद झाली. वाचायला शिकायच्या ऐन वयात दोन वर्षं तिची शाळा म्हणजे जेवणाच्या टेबलावरचा एक टॅब होता. त्यात पंचवीस चौकोन, प्रत्येक चौकोनात एक मूल, आणि चौकोनाच्या जरा बाहेर एक आई. सगळ्याच आया सांगत होत्या. कुणी कुजबुजून, कुणी चिमटा काढून. एका चौकोनात तर उत्तराआधी प्रेशर कुकरच्या पलीकडून आवाज यायचा. या सगळ्या हौशी मंडळींत अनुराधा एकटी व्यावसायिक होती. माइकला ऐकू जाऊ नये म्हणून ती आवाज न काढता नुसते ओठ हलवायची. ओवी ते उचलायची. टीचर म्हणायच्या, "ब्यूटिफुल, ओवी!" परीक्षाही तशाच झाल्या. पहिल्यांदा मदत म्हणून, दुसऱ्यांदा नेट गेलं होतं म्हणून, आणि मग सवय म्हणून.

शिवाय आपल्यात पाठांतराचं कोण कौतुक. पाढे, श्लोक, आरत्या, ओवीचं सगळं तोंडपाठ. मंडळात लोक म्हणायचे, "काय पाठांतर आहे हो पोरीचं! हिला शाळेची गरजच काय?" शाळा उघडल्यावरही कुणाला काही कळलं नाही, कारण पुस्तक घरी एकदा आईने वाचून दाखवलं की ओवीकडे ते कायमचं जमा व्हायचं. आलेला प्रत्येक खोका फोडून बघणाऱ्या बाईने हा एकच न बघता सही करून घेतला होता.

निनादला हे सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा विनोद केला, मग टीव्ही बंद केला.

"येईल गं. आपली मुलं मागे पडत नाहीत."

"आपली म्हणजे?"

"म्हणजे इंडियन. सगळे टीचर हेच म्हणतात ना?"

"तेच म्हणतात म्हणून कुणी बघितलं नाही, निनाद. मीसुद्धा नाही."

"मग टीचरला सांग."

"काय सांगू? तिच्या परीक्षा मी दिल्या म्हणून?"

त्याने विचारलं, "शाळेतून काढून टाकतील?" आणि हा प्रश्न त्या क्षणापासून घरात राहायला आला. भाजी चिरताना तो असायचा, सिग्नलला असायचा. अनुराधा आता शाळेकडून आलेला साधा सहलीचा मेसेजही दोन-दोन तास उघडायची नाही. ओवीचा 'ए' आणि 'ओ' यांत घोळ होतो हे तिला कळलं होतं, आणि वर्गातली मुलं एव्हाना परिच्छेद लिहीत होती. दर दिवसाला अंतर वाढत होतं आणि ओवी मजेत होती, हे सगळ्यात भीतिदायक होतं.

त्याच मजल्यावर कराचीची फिझा राहायची. तिचा नोमान ओवीच्याच ब्रिटिश शाळेत, तिच्याच वर्गात. अनुराधाने तिला आडून विचारलं, की वाचनात कच्ची असतात त्या मुलांचं शाळा काय करते.

"दो कमरे हैं, अनु," फिझा म्हणाली. "एक लायब्ररी में, बीन बॅगवाला. उसका नाम 'बूस्ट'. दूसरा फोटोकॉपी मशीन के पास. उसका नाम 'सपोर्ट'. बूस्ट में हॅरी जाता है, ऑलिव्हर जाता है. सपोर्ट में मेरा नोमान और वो सुडानी बच्ची, अफनान."

"फर्क काय? मतलब, फर्क क्या है?"

"बूस्ट में पढ़ना सिखाते हैं. सपोर्ट में इंग्लिश सिखाते हैं." फिझाचा आवाज चढला. "मेरा बेटा नींद में भी इंग्लिश में लड़ता है. उसको सिखा रहे हैं, 'माय नेम इज नोमान.' अरे, उसको मालूम है उसका नेम क्या है!"

दोघी हसल्या. फिझाचं हसू आधी संपलं. "टर्म के एंड में बुलाया है. बोलते हैं, सोचिए, क्या ये नोमान के लिए राइट स्कूल है."

असा भेद शाळेत कुठे लिहिलेला नव्हता. उलट दर्शनी भिंतीवर सत्तर देशांचे झेंडे होते आणि खाली 'आपण सारे एक' अशा अर्थाचं काहीतरी. फक्त घरात कुठली भाषा बोलता असं विचारायचे, आणि घरात दुसरी भाषा निघाली की मुलाचं वाचन हा इंग्रजीचा प्रश्न व्हायचा. दोन वर्षं सगळ्यांची सारखीच बुडाली होती. हॅरीची करोनामुळे बुडाली होती, नोमानची उर्दूमुळे.

घरी मराठीच बोललं पाहिजे म्हणून अनुराधाने मंडळात मोहीम चालवली होती. शाळेतही तिने छाती काढून मराठीच सांगितलं होतं.

पालकसभेच्या दिवशी दुपारी ती ओवीला घेऊन गेली. तिचे हात इतके गार पडले होते की ओवी म्हणाली, "मम्मा, युअर हँड इज लाइक फिश." वर्गशिक्षिका मिस हॉली मँचेस्टरजवळच्या कुठल्याशा गावची, मनाने चांगली. वर्गात शिरल्या शिरल्या तिने ओवीचं कौतुक सुरू केलं. किती छान आवाज, किती आत्मविश्वास. पुढचं बोलणं इंग्रजीतच झालं.

"मिस, तिला वाचता येत नाही," अनुराधा म्हणाली.

मिस हॉली मनापासून हसली. "तुम्ही इंडियन आया! सगळेच पालक तुमच्यासारखे महत्त्वाकांक्षी असते तर. थांबा, आत्ताच बघू."

तिने कपाटातून एक नवंकोरं पुस्तक काढलं आणि ओवीपुढे उघडलं. अनुराधा समोरच बसली होती. पान तिलाही दिसत होतं. ओवीने मान वर केली.

अनुराधाचे ओठ हलले. तिने हलवले नाहीत. दोन वर्षांची सवय होती, ते आपापले हलले.

"वन्स... देअर वॉज... अ स्मॉल फॉक्स," ओवीने वाचलं.

"बघितलंत?" मिस हॉली म्हणाली.

इथे थांबता आलं असतं. हसून, थँक्यू म्हणून, घरी जाऊन शिकवणी लावता आली असती. निनादचं तेच म्हणणं होतं. ओवी दुसऱ्या ओळीसाठी आईकडे बघत होती, अगदी निर्धास्त. तो निर्धास्तपणा अनुराधाने बघितला. या मुलीला आपण कधी नसू असं वाटतच नव्हतं.

तिने पर्स उघडली. त्या काळी प्रत्येकीच्या पर्सच्या तळाशी एक तरी मास्क पडलेला असायचा. तिने तो झटकला आणि नाकापर्यंत ओढून घेतला.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" मिस हॉलीने खुर्ची जराशी मागे घेतली.

अनुराधाने नाही म्हणून मान हलवली. ओवी आईकडे बघत राहिली. मग पुस्तकाकडे. मग मिस हॉलीच्या तोंडाकडे, पण त्या ओठांची तिला सवय नव्हती. ओवीचं बोट दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला होतं ते तिथेच राहिलं. तिचा चेहरा लाल झाला. अनुराधाने मास्कच्या आत दात ओठांवर रोवून धरले होते.

"लाजली," मिस हॉली हळूच म्हणाली. मग तिचा आवाज मऊ झाला, आजाऱ्याशी बोलतात तसा. "घरी तुम्ही कुठली भाषा बोलता?"

प्रश्न आला होता. फोटोकॉपी मशीनचा रस्ता इथूनच जात होता.

अनुराधाने मास्क काढला. "घरी मी मराठी बोलते. ती इंग्रजीत उत्तर देते. तिला बोलता येते ती एकच भाषा, तुमची." मराठीची मोहीम चालवणाऱ्या बाईच्या तोंडून हे वाक्य निघालं, आणि ते खरं होतं. "तिला इंग्रजी शिकवू नका. वाचायला शिकवा. लायब्ररीतल्या गटात घ्या."

"पण तिच्या परीक्षांचे निकाल तर उत्तम आहेत."

"ते माझे आहेत."

मिस हॉलीला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिने पेन बंद करून टेबलावर ठेवलं आणि ओवीला विचारलं, बाहेर जाऊन टाकीतले मासे बघतेस का? ओवी हलली नाही. मग मिस हॉली जे बोलली ते सगळं मुद्देसूद होतं. हे वरच्या मॅडमना कळवावं लागेल. दोन वर्षांचे निकाल बाद होतील. कुठल्या गटात घ्यायचं ते त्या ठरवतील. लायब्ररीत सध्या जागा नाही. आणि एकंदरीतच ओवीसाठी ही योग्य शाळा आहे का, याचा सगळ्यांनी मिळून विचार करावा लागेल.

"हॅरीच्या आईनेही सांगितलीच असतील उत्तरं," अनुराधा म्हणाली. "दोन वर्षं तिचा चौकोन माझ्या शेजारीच होता."

"आपण ओवीबद्दल बोलतोय," मिस हॉली म्हणाली.

पार्किंगमध्ये गाडी तव्यासारखी तापली होती. अनुराधाने एसी सुरू केला, पण गाडी काढली नाही. क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे आठवावं लागेल असं वाटत होतं. गाडी ऑटोमॅटिक होती. निनादचे फोन येत होते. ओवी मागच्या सीटवर बेल्ट लावून बसली होती.

मग ती म्हणाली, "यू डिडन्ट टेल मी."

"नाही सांगितलं."

"विल यू टेल मी टुमॉरो?"

"नाही."

आरशात अनुराधाला तिचे डोळे दिसले. या विषयात ओवी पहिल्यांदाच घाबरली होती, आणि अनुराधाला वाटलं की इतके दिवस आपण एकट्याच घाबरत होतो.

"देन हू विल?" ओवीने विचारलं.