आइस हॉकीला कोयत्याची धार

आमच्या जिल्ह्यात बर्फ दोनच ठिकाणी सापडतो, गोळेवाल्याच्या गाडीवर आणि मासळीच्या खोक्यात. तरीही गेल्या जूनमध्ये शहाद्याला मुलांचं आइस हॉकीचं शिबिर भरलं आणि माझी नऊ वर्षांची मुलगी तेजू त्यात गेली. ते शिबिर पहिल्याच दिवशी दुपारी बंद पडलं. ते मी पाडलं.

तेजू गावातल्या शाळेपुढच्या काँक्रिटवर दोन वर्षं चाकांच्या स्केटवर पळत होती, म्हणून शाळेतल्या सरांनी तिचं नाव दिलं. प्रशिक्षक पुण्याहून येणार होते आणि येताना बर्फही घेऊन येणार होते. म्हणजे पांढऱ्या गुळगुळीत प्लास्टिकचे मोठे पाट मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये एकमेकांना जोडायचे आणि त्यावर पात्याचे बूट घालून घसरायचं. (अगदी खऱ्या बर्फासारखं घसरतं, असं ते म्हणाले. आम्ही दोन्हीवर कधी घसरलो नव्हतो, त्यामुळे लगेच पटलं.) तीन दिवसांनी चोवीस मुलांमधून दहा निवडायची आणि हिवाळ्यात उत्तरेकडे खऱ्या बर्फावर न्यायची, असा बेत होता. तेजूने ते ऐकलं आणि दहात यायचंच, असं जाहीर केलं. तिने एकदा ठरवलं की आमच्या घरात त्यावर चर्चा होत नाही.

आता माझं सांगतो. मी साखर कारखान्यात स्लिपबॉय आहे. (वय एकेचाळीस. बॉय हे पद आहे.) कोणाचा ऊस कधी तोडायचा ते ठरवायचं आणि हंगामभर तोडणी टोळ्यांच्या मागे हिंडायचं, हे माझं काम. समोर पातं दिसलं की माझा अंगठा आपोआप त्यावरून फिरतो. बोथट कोयत्याने ऊस तुटत नाही, ठेचला जातो, हे मी वीस वर्षं टोळ्यांना समजावत आलो आहे. (टोळ्यांना ते माझ्या जन्माआधीपासून माहीत आहे.) जूनमध्ये मात्र हंगाम संपलेला असतो आणि अंगठ्याला काही काम नसतं.

पाय सरावावेत म्हणून शिबिरवाल्यांनी बूट आठ दिवस आधीच घरी दिले. मी पात्यावरून अंगठा फिरवला आणि माझा जीवच कळवळला. पातं बोथट तर होतंच, वर त्याच्या मधोमध लांबच्या लांब खाच पडलेली! पुण्याच्या माणसांनी पोरीच्या पायात झिजलेला माल बांधला, अशी माझी खात्री झाली. बायको म्हणाली, दिलेत तसे राहू द्या, त्यांचं त्यांना कळत असेल. मी बूट पिशवीत घातले आणि धनाआप्पा लोहाराकडे गेलो. आमच्या भागातले निम्मे कोयते त्याच्या हातून गेले आहेत.

धनाआप्पाने बूट उलटा धरून बराच वेळ पाहिला. "भाऊ, हाऊ कोयता नही," तो मधल्या खाचेवर बोट ठेवून म्हणाला. "मझारली नाली मुद्दाम ठेवेल दिखस."

"बनावनाराले काय समजस?" मी म्हणालो. "तू धार लाव."

त्याने लावली. तासाभरात खाच गेली आणि असं पातं तयार झालं की त्याने मी तिथल्या तिथे वर्तमानपत्राचं पान उभं कापून दाखवलं. घरी येऊन आणखी एक पान कापलं. बायकोने ते अजून वाचलेलं नव्हतं.

शिबिराच्या सकाळी बाकीची मुलं त्या पांढऱ्या जमिनीवर पाय टाकताच सुरसुर पुढे गेली. तेजूने पाय टाकला, तो तिथेच रुतला. पाय मागे राहिले आणि पोरगी पुढे पडली. उठली, पुन्हा पडली. मी खुर्चीवरून ओरडून गुडघे वाकवायला सांगत होतो. (मी आयुष्यात सायकलवरूनच इतक्या वेळा पडलोय की हा विषय माझा नाही, पण बाप म्हणून काही तरी ओरडावं लागतं.) तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. ओठ घट्ट मिटून ती उठायची, काठी उचलायची आणि पुढच्या पावलाला पुन्हा आडवी व्हायची. तिच्या मागे जमिनीवर किसलेल्या खोबऱ्यासारखा पांढरा चुरा साचत चालला होता. शेजारचे पालक म्हणाले, बघा, बर्फ सुटायला लागला. मीही मान डोलावली.

चहाच्या सुट्टीत त्या पालकांना तेजूच्या बुटांची चकाकी दिसली. मी नम्रपणे सांगितलं की धार आमच्याकडची आहे. पाच मिनिटांत माझ्या मांडीवर आणखी दोन जोड आले! मी धनाआप्पाला फोन लावला. तो मोटारसायकलवर धार लावायचं चाक बांधून आला आणि फाटकापाशीच बसला. पहिलं पातं चाकाला लागलं, ठिणग्या उडाल्या आणि त्या ठिणग्या हॉलच्या खिडकीतून पुण्याच्या प्रशिक्षक सरांना दिसल्या.

सर फाटकाशी धावत आले आणि धनाआप्पाच्या हातातला बूट त्यांनी काढून घेतला. मग आत जाऊन त्यांनी एकेका मुलाच्या पात्यावरून बोट फिरवायला सुरुवात केली. तेजूपाशी आल्यावर त्यांचं बोट कापलं.

"यातली खाच कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"मी काढून टाकली," मी अभिमानाने पुढे झालो. "आता बघा, केससुद्धा कापला जाईल."

सरांनी बोट तोंडात धरून मला समजावलं. स्केटला एक धार नसते, दोन कडा असतात. त्या दोन कडांवर माणूस उभा राहतो, वळतो, थांबतो, आणि त्या कडा बनतात मधल्या खाचेमुळे. मी खाच नव्हे, अख्खा स्केटच काढून टाकला होता. शिवाय तीन पाट उभे चिरले गेले होते. ते उलटून लावेपर्यंत शिबिर बंद. आणि तेजूच्या मापाचा दुसरा जोड नव्हता. पुढच्या वर्षी ये, असं सर तिला म्हणाले. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण ती प्लास्टिकची होती.

तेजू मात्र बुटाची नाडी सोडेना. "सर, मी हटसू नही," ती म्हणाली. सरांना अहिराणी येत नव्हती, तरी समजलं.

मग धनाआप्पा पुढे आला. त्याने गोल कानस काढली आणि ती खाच पुन्हा पाडता येईल, असं सांगितलं. दोन तास तो आणि सर पात्यांना चिकटून बसले, एक कानस मारायचा, दुसरा माप बघायचा. उजेड दाखवायला तेजू मोबाइल धरून उभी होती. ते काम मला देण्यात आलं नाही.

त्या वाकड्यातिकड्या खाचेवर पोरगी उरलेले दोन दिवस खेळली. पडली, पण आता निदान घसरून पडत होती. तिसऱ्या दिवशी सरांनी नावं वाचली, तेव्हा दहावं नाव तेजूचं निघालं. सर म्हणाले, जी मुलगी सुरीवर उभी राहायला शिकली, ती बर्फावर राहीलच. मग त्यांनी तिला विचारलं, पहिल्या सकाळीच बूट खराब आहेत हे का सांगितलं नाहीस?

"पप्पांनी स्वतः धार लावून आणली होती," तेजू म्हणाली. "सांगितलं असतं तर त्यांना रडू आलं असतं."

मी इतका सहज रडत नाही, असं मी तिथल्या तिथे सांगणार होतो. पण तिला उत्तरेकडे पाठवायच्या संमतीचा समोरचा फॉर्म धूसर दिसायला लागला. सरांनी खिशातलं पेन काढलं, क्षणभर हातातच धरून ठेवलं आणि मग माझ्यापुढे केलं.

"टोक बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "फक्त सही करा."