मागच्या खोलीतला मालक

पिंप्राळ्यात आम्ही नानांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. मालक स्वतः त्या जागेत राहत असेल तरच मागच्या खोल्या भाड्याने द्यायच्या, असा तिथल्या सोसायटीचा नियम होता. नानांचा मुलगा त्यांना सारखा पुण्याला बोलवायचा. "तठे भरीतले चव नही," एवढंच मूळचे पारोळ्याचे नाना म्हणत. ते गेले तर आम्हालाही जावं लागेल, हे त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही.

आमचा आधीचा घरमालक सरळ आत येऊन भाजीवरचं झाकण उचलून बघायचा. नाना मात्र स्वतःच्याच अंगणात, नळापाशी थांबून खाकरत आणि विचारत, "येऊ का भाऊ?"

पुढे माझ्या आईला अर्धांगवायू झाला. मागच्या खोल्यांचा संडास अंगणापलीकडे होता. मी काही बोलायच्या आत नानांनी आपली बाज मागे नेली आणि पुढचं घर आम्हाला दिलं. "मले एकलाले इतलं घर काय करनं शे?"

सोसायटीचे चेअरमन तावातावाने आले. भाडेकरू पुढे आणि मालक मागे, हे कुठल्या नियमात बसतं?

नाना बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत, बसल्या जागेवर फक्त थाप मारली. "मी आठेच शे ना, भाऊ. मांगे ऱ्हायनू म्हनीसन काय पाहुना हुई गऊ?"

चेअरमन चहा पिऊन गेले.

संध्याकाळी नाना आईला बघायला पुढे आले. स्वतःच्याच घराच्या पायरीशी थांबले, खाकरले आणि म्हणाले, "येऊ का भाऊ?"