पहिला वाटा शेजारणीचा

भावाशी मी वर्षभर भांडले. आईला आर्णीतून हलवायचं नाही म्हणजे नाही! तो नागपूरहून फोनवर म्हणायचा, "तिले आता एकटं ठेवणं बरं नाही." मी म्हणायची, "तुले इकडं यायचा कंटाळा, म्हणून तिले तिकडं नेतो का?" फार वाईट बोलायची मी. शेवटी ठरलं, रविवारी त्यानं येऊन स्वतःच पाहावं. मी यवतमाळहून शनिवारीच जाऊन धडकले.

आईच्या अंगणात गुलछडी आहे. दर दोन-तीन उन्हाळ्यांनी ती गड्डे उकरते, सावलीत सुकवते, आणि एकमेकांना चिकटलेले मोकळे करून पुन्हा लावते. तिचा एक नेम आहे. पहिला वाटा शेजारणीच्या पदरात. तो दिल्याशिवाय आपल्या आळ्यात काही लावायचं नाही. आणि पदरात घातलेलं परत घ्यायचं नाही.

ही लागवड भावासमोरच करायची, असं मी मनात ठरवलं होतं. आईचे हात चालताना पाहिले की त्याचं तोंड बंद होईल.

गेले तेव्हा आळं तयार होतं. माती भुसभुशीत, शेणखत मिसळलेलं. माझा जीव भांड्यात पडला. पण खाटेखालचं टोपलं रिकामं होतं.

"आई, गड्डे कुठं गेले वं?"

"असतील तिथंच. शेजारणीले द्याचे हायेत अजून."

शेजारची वहिनी मूळची तांड्यावरची. माझ्या आईला ती याडी म्हणते, तिच्या बोलीत आईला तसंच म्हणतात. मी कुंपणाशी गेले तर ती डोळे पुसतच बाहेर आली.

"याडी सकाळपासून येऊनच राह्यली, ताई. दर वेळी म्हणे, पहिला वाटा घे. म्या म्हटलं, देल्ला ना मघाशी. तर चिडली. म्हणे, देल्ला असता तर मले आठवलं नसतं काय? मंग काय करू? पसरला पदर."

"मले फोन कराले काय झालं होतं?" मी तिच्यावरच खेकसले. राग तिचा नव्हताच.

ती बिचारी आत जाऊन गड्ड्यांनी भरलेलं आपलं टोपलं घेऊन आली. म्हणाली, "वापस तर देता येत नाही. पण लावू लागतो म्या तुमाले."

आई आत चहा ठेवत होती. आम्ही दोघी आळ्याशी बसलो. आई बाहेर यायच्या आत आळं भरलं की झालं, आईनंच लावलं म्हणायचं, भावाला काय कळतंय! मी भराभर लावायला लागले.

तेवढ्यात आई आलीच. टोपलं पाहून तिचा चेहरा खुलला. "अव माय, सापडले काय!" खाली बसली. सुकलेली मुळं खुडत, एकाही गड्ड्याला न दुखवता मोकळे करत गेली. हात अगदी पूर्वीसारखे चालत होते. मी पाहत राहिले, मला रडू येत होतं.

मग ओंजळ भरून ती वहिनीपुढे उभी राहिली.

"धर पदर. पहिला वाटा तुहा."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं पदर पसरला.

"काहून रडून राह्यली वं?" आई तिच्यावर करवादली. "नेहमीच देत नाही काय मी तुले?"

मी ओसरीवर जाऊन भावाला फोन लावला. म्हटलं, "उद्या येताना मोठी गाडी आण. आईचं सामान आहे."

काय झालं, हे त्यानं विचारलं नाही. वर्षभर भांडणारा माझा भाऊ, आजही भांडेल असं मला वाटलं होतं.