फ्रिज चढला की घर रिकामं

आमच्या एल होबो गावात वादळाची खबर टीव्हीवर नंतर कळते. त्याआधी ओबदुलिया दारात उभी असते. हातात पुठ्ठ्याला चिकटवलेली यादी, कानामागे पेन्सिल, पायात मेलेल्या नवऱ्याचे रबरी बूट. एकसष्ट वर्षांची बाई, गुडघे गेलेले, पण आवाज असा की धक्क्यावरच्या कुत्र्यांनीही शेपूट घालावी. तीस वर्षं तिने मासळीच्या कारखान्यात मासे साफ केले. गल्लीच्या समितीची प्रमुख ती कशी झाली ते कुणालाच आठवत नाही. बहुधा बाकीचे सगळे तेव्हा खाली मान घालून बसले असतील.

हवामानवाले राजधानीत बसून नकाशावर रेघ ओढतात, तालुक्याला हुकूम येतो, तिथून बसगाड्या सुटतात, गावातून माझा ट्रॅक्टर. पण दार वाजवायचं काम ओबदुलियाचंच. कोणाला दिवस गेलेत, कोणाला इन्सुलिन लागतं, कोणाची आई खाटेवरून उठत नाही, हे सगळं तिला तोंडपाठ. क्यूबात वादळाने माणसं फारशी मरत नाहीत म्हणून बाहेरचे लोक कौतुक करतात. त्यांनी एकदा या बाईच्या शिव्या ऐकायला हव्यात.

कारण आमचे लोक जिवाच्या भीतीने हलत नाहीत. प्रत्येकाने म्हणे याहून मोठी वादळं पचवलेली असतात. ते हलतात फ्रिजसाठी. माणूस भिजला तर वाळतो, फ्रिज खाऱ्या पाण्यात गेला की गेला, आणि दुसरा मिळायला दहा वर्षं. म्हणून ओबदुलियाने एक रीत बसवली होती. आधी फ्रिज ट्रॉलीवर चढवायचा, त्यावर घरवाल्याचं नाव खडूने लिहायचं. फ्रिज चढला की माणूस मागोमाग येतोच, मग यादीत त्याच्यापुढे खूण. तालुक्याच्या शाळेत आसऱ्याला राहणाऱ्यांची डोकी मोजता यायची. पण निम्मे लोक तिथे सोयऱ्याधायऱ्यांकडे उतरायचे, त्यांच्यापुढची खूण फ्रिजवरूनच व्हायची. सतरा वर्षं ही रीत चालली आणि एकदाही चुकली नाही.

अडून बसायचा तो एकटा फेर्मिन. तिचाच थोरला भाऊ. पाण्याला लागून शेवटचं घर त्याचं, बायको कधीच सोडून गेलेली, जीव सगळा होडीत. मागे एका वादळात चार दिवस शाळेत बसून तो परतला तर होडीच्या फळ्या झालेल्या होत्या. दुसरी बांधायला त्याला तीन वर्षं लागली. तेव्हापासून त्याला घराबाहेर काढणं म्हणजे दाढ उपटणं. एकदा ओबदुलियाने त्याची कवळी पळवून ट्रॉलीत ठेवली, तेव्हा तो बोळक्या तोंडाने शिव्या देत मागून आला. अख्खा गाव हसला होता.

त्या ऑक्टोबरमध्ये मी त्याच्या दारी पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. समुद्र अजून गुळगुळीत होता, हवा मात्र जड. फ्रिज दाराबाहेर काढून ठेवलेला. पुसलेला, दार दोरीने बांधलेलं, नावसुद्धा त्यानेच लिहिलेलं. मी थट्टेने विचारलं, आज बहिणीला इतका घाबरलास होय.

"तू हो पुढे, एर्मेस," तो म्हणाला. "होडी खारफुटीत नेऊन बांधतो आणि येतो चुलतभावाकडे. तिला सांग, झालं म्हणून."

मला अजून चौदा घरं करायची होती. फ्रिज चढवून मी निघालो. वळणावरून मागे पाहिलं तर तो उंबऱ्यावर बसून पावाचा तुकडा खात होता. घाई असलेला माणूस असा खात नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

ओबदुलिया वेशीजवळ दुकानाच्या छपराखाली उभी होती. तिने विचारलं, "फेर्मिन?"

"झालं," मी म्हणालो.

तिने फ्रिजवरचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि खूण केली. म्हाताऱ्याला एकदाची अक्कल आली, असं काहीतरी म्हणाली.

वादळ दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. शाळेच्या दोन खोल्यांचे पत्रे गेले, आम्ही उरलेल्या खोल्यांत दाटीवाटीने बसलो. त्याच्या पुढच्या दिवशी वारा पडला. ओबदुलिया भात आणि काळ्या घेवड्याचं कालवण वाढत होती. तेवढ्यात चुलतभाऊ चिखल तुडवत आला आणि त्याने विचारलं, फेर्मिन इथे आहे ना? रांगेतल्या शेवटच्या माणसाला वाढून झाल्यावर तिने डाव खाली ठेवला, हात धुतले आणि मला म्हणाली, ट्रॅक्टर काढ.

चौथ्या दिवशी तो खारफुटीत सापडला. होडीचा दोर कमरेला बांधलेला. होडीला ओरखडाही नव्हता.

ती रडली नाही. मीही नाही. मला काही वाटतच नव्हतं, आणि वाटत नाही याची फक्त लाज वाटायची. दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी फ्रिज परत वाटायचे होते. ती ट्रॉलीजवळ उभी राहून एकेक नाव वाचत गेली, लोक आपापला उतरवून नेत होते. फेर्मिनचं नाव आल्यावर म्हणाली, हा माझ्याकडे उतरव. घरात जागा नव्हती. तो पडवीत ठेवला. मग पुढचं नाव वाचलं.

महिनाभराने तालुक्याचा माणूस आला आणि धक्क्यावर सभा झाली. कागदावर सगळा गाव हलवलेला होता. मयत इसम नंतर आपल्या मर्जीने परत गेला, तेव्हा कोणाचा दोष नाही, असं त्याने वाचून दाखवलं. वाईट माणूस नव्हता तो. आम्हाला सोडवायलाच आला होता. ओबदुलिया उभी राहिली.

"तो परत गेला नाही, तो निघालाच नव्हता," ती म्हणाली. "मी फ्रिज बघून खूण केली. माणूस बघितला नाही."

तो निघाला म्हणून तुम्हाला कोणी सांगितलं, असं त्या माणसाने विचारलं. मी तिसऱ्या ओळीत बसलो होतो.

"यादी माझी आहे," एवढंच बोलून ती खाली बसली.

मी उठलो नाही. घरी येऊन जेवलो.

त्यानंतर तिने रीत बदलली. आता ती माणसाचं मनगट धरते, गाडीपर्यंत नेते, बसवते आणि मग पेन्सिल काढते. फ्रिज नंतर. याला दुप्पट वेळ लागतो. लोक टोमणे मारतात, काय गं, अटक करायला आलीस का? ती उलट बोलत नाही. तिच्या शिव्या बंद झाल्या, आणि गावाला त्या इतक्या हव्याहव्याशा वाटतील असं कोणाला वाटलं नव्हतं.

या सप्टेंबरात पुन्हा हुकूम आला. ओबदुलिया सगळ्यांत आधी माझ्या दारी आली, कारण ट्रॅक्टर माझा. सवयीने तिने माझंही मनगट धरलं. हात थंड होता. मी म्हणालो, "त्या दिवशी तो उंबऱ्यावर पाव खात बसला होता. ते बघूनही मी तुला झालं म्हणालो."

"तुझ्या तोंडावर दिसत होतं ते," ती म्हणाली. "मी विचारायला हवं होतं, तो निघताना डोळ्यांनी बघितलास का म्हणून. नाही विचारलं. सकाळपासून चाळीस घरं झाली होती, गुडघे ठणकत होते, त्याच्याशी भांडायचं त्राण नव्हतं. तू झालं म्हणालास आणि मला बरं वाटलं, एर्मेस. इतकं बरं वाटलं."

मग ती म्हणाली, पलीकडच्या घरातली म्हातारी खाटेवर आहे, दोघांनी उचलावं लागेल. आम्ही तिकडे गेलो.