तात्पुरती नळी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझं तिच्यापासून काही लपत नाही असं तिला वाटतं — वाटू दे. भांडणात मी तिला नको नको ते बोलून बसलोय, पण हे एवढं मात्र ओठाबाहेर आलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. तुमची गाडी माझ्याकडे कधी येणार नाही, म्हणूनही असेल.

मांजरसुंब्याला माझं गॅरेज आहे. चौकातून थोडं आत, ढाब्यांच्या मागे. ट्रक, जीपा, उसाचे ट्रॅक्टर — हेच गिऱ्हाईक. मी कामाला चांगला आहे. हे फुशारकीनं सांगत नाही… नाही, फुशारकीनंच सांगतोय, खोटं कशाला बोलू? नुसता आवाज ऐकून हा इंजिनाचं दुखणं सांगतो, असं लोक म्हणायचे, आणि ते नीट ऐकू यावं म्हणून मी मुद्दाम चहाच्या टपरीपाशी रेंगाळायचो.

सुधाकर माझा शाळेपासूनचा मित्र. नांदूरघाटचा, घरची मोठी बागायत. त्याला वेड एकच, गाड्यांचं. एक दिवस तो ट्रकवर घालून पुण्याहून एक जुनी स्पोर्ट गाडी घेऊन आला. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची, लाल रंग जागोजागी उडालेला. तिचं पेट्रोल इंजिन जाम झालेलं आणि सुटे भाग कुठेच मिळत नव्हते. त्याच्या डोक्यात भलतंच होतं. उलटलेल्या एका नव्या जीपचं डिझेल इंजिन भंगारात आलं होतं, ते यात बसवायचं. मी आधी पोट धरून हसलो. मग टेप घेऊन बोनेटखाली वाकलो, आणि वाकलो तो वाकलोच.

सुधाकरचे वडील, अण्णा, बाजाराला जाता-येता थांबायचे. धोतर सावरत, काठी टेकत ते गाडीभोवती एक फेरी मारायचे.

"काय रे वस्ताद, बेडकाच्या पोटात रेडा कोंबतूस व्हय?"

"बसतंय अण्णा. रेडा बी बसतूय."

"बसंल रं. पर बेडूक उडंल का?"

मला अण्णा आवडायचे. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे मी काय केलं ते तुम्हाला नीट कळेल.

काम जमलं. इंजिन ज्यांवर टेकतं ते पाये कापून नवे वेल्डिंग केले, रेडिएटर पुढे सरकवला, बोनेटला फुगवटा काढला. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा सुधाकरनं मला उचलून घेतलं होतं. राहिला फक्त ब्रेक. म्हणजे ब्रेक होता, पण — हे जरा समजून घ्या, सगळं इथंच आहे. पेट्रोलचं इंजिन चालताना स्वतःच हवा ओढून घेतं. त्या ओढीच्या जोरावर ब्रेकचं पायडल हलकं होतं, नुसत्या पायानं गाडी थांबते. डिझेलच्या इंजिनात ती ओढ नसते. तिथं वेगळा पंप लागतो, आणि पंपापासून ब्रेकपर्यंत जाड, टणक नळी. साधी मऊ नळी चालत नाही. ती तापली की आतल्या ओढीनं चपटी होते, आणि मग पायडल दगड होतं. माणूस उभा राहिला तरी दबत नाही.

मी डिझेलची साधी नळी लावली होती. तात्पुरती, अंगणात गाडी फिरवून बघण्यापुरती. खरी नळी मागवली होती. ती आली खंडेनवमीच्या दिवशी, दुपारी.

आता आमच्याकडची खंडेनवमी तुम्हाला ठाऊक असेलच. सकाळीच पाने, पकडी, जॅक, हातोडे सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडलं होतं. हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडूची फुलं वाहिली होती. पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा हलेपर्यंत हात लावायचा नाही. माझ्या वडिलांनी कधी लावला नाही, मीही नाही. नळी खिळ्याला अडकवली. म्हटलं, दसऱ्याला उठल्या उठल्या पूजा हलवू आणि दोन क्लिपा सोडून बदलून टाकू. हे काम चहा निवायच्या आत होणारं.

आणि दसऱ्याला मला जाग आली ती आवारात उभ्या त्याच गाडीच्या हॉर्ननं. सुधाकर दारात. सोबत अण्णा, नवं धोतर, फेटा. बीडला सुधाकरच्या बहिणीला सोनं द्यायला जायचं, आणि जायचं ते याच गाडीतून. टपरीवरची माणसं उठून आली होती. कुणीतरी झेंडूचा हार आणला, कुणी चाकाखाली लिंबं ठेवली. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते.

तेव्हा मला नळी आठवली नाही, असं म्हणायची माझी फार इच्छा आहे. पण ती आठवली होती. अगदी लख्ख आठवली होती. "थांब बे, ब्रेकचं थोडं राहिलंय," एवढंच म्हणायचं होतं. पण एवढ्या माणसांत म्हणायचं, की वस्तादाचं काम अर्धं आहे? हत्यारं अजून पूजेत आहेत, असं एक कारणही हाताशी होतं, देवाधर्माचं, कुणी हसलं नसतं. मी तेही वापरलं नाही. सपाटीवर काही होत नाही, असं मनाशी म्हटलं. बीडच्या वाटेवर घाट आहे हे काय मला माहीत नव्हतं?

अण्णा आत बसताना कण्हले. दार खाली, गुडघे हनुवटीला. "उतरताना क्रेन लागंल रं," म्हणाले, आणि हसत गेले.

घाटात, उतारावरच्या वळणावर मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. मेंढपाळानं नंतर सांगितलं, गाडीवाला ओरडत होता, हात हलवत होता, पण गाडी थांबेना. सुधाकरनं कळप वाचवायला गाडी डोंगराच्या अंगाला घातली. डाव्या अंगाला. डावीकडे अण्णा बसले होते.

गाडी ओढून आणायला मलाच बोलावलं. माझंच गॅरेज जवळ. पोलीस म्हणाले, तुमच्याच आवारात राहू द्या, उद्या आर.टी.ओ.चे साहेब येऊन तपासतील. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी माणसं अण्णांच्या मातीला नांदूरघाटला गेली. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, शटर ओढून येतो. शटर ओढलं — पण आतून. पाटावरची फुलं बाजूला केली, पाना उचलला. ज्या हत्यारांना हात लावू नये म्हणून मी दोन दिवस हात बांधून बसलो होतो, ती पूजा न हलवता, नमस्कारही न करता उचलली. चपटी झालेली नळी काढली, खिळ्यावरची लावली. नवी दिसू नये म्हणून तिला काळं तेल आणि धूळ फासली. जुनी शेगडीत जाळली. मग हात धुऊन मातीला गेलो आणि तिरडीला खांदा दिला.

साहेब आले, त्यांनी तपासलं, ब्रेक ठीक आहेत असं लिहिलं. ते लिहिणारच होते.

इथवर मी भित्रा होतो. भित्रेपणाला मी समजू शकतो, तुम्हीही समजाल कदाचित. याच्यापुढचं मात्र मलाही समजत नाही.

सुधाकर बीडला दवाखान्यात होता. उजव्या पायाच्या घोट्याचा चुरा झालेला. मी शेजारी बसलो तर त्यानं माझं मनगट धरलं. "मी बिरेकच दाबला व्हता. दगडावानी झालतं पायडल. दोनी पाय दिले तरी दबंना. आसं कावून झालं बे? तू सांग."

दुसऱ्या कुणाला त्यानं विचारलं नाही. मला विचारलं, कारण इंजिनातलं मला कळतं. आणि मला ते कळत होतं म्हणूनच मी इतकं बेमालूम खोटं बोलू शकलो. मी म्हटलं, ब्रेक ठीक निघाले, साहेबांनीच बघितलंय. म्हटलं, घाबरल्यावर असं होतं, चांगल्या चांगल्या ड्रायव्हरचं होतं. उजवा पाय ब्रेकच्या जागी ॲक्सिलेटरवर पडतो. ते तळाला टेकलं की दगडासारखंच लागतं, कितीही दाबा, पुढे जात नाही. डोळ्यांसमोर त्याचा तो पाय होता, प्लास्टरमध्ये. दाबून दाबून मोडलेला.

त्यानं माझं मनगट सोडलं. मग म्हणाला, "आसंच आसंल." पुन्हा त्यानं हा प्रश्न कधी काढला नाही.

त्यानंतर इतक्या वर्षांत तो स्टिअरिंगला बसलेला नाही. एस.टी.नं येतो-जातो, शेतातला ट्रॅक्टरसुद्धा गडी चालवतो. आईनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, ती तशीच गेली. लंगडत माझ्याकडे येतो, बाकड्यावर बसतो, चहा पितो. सगळ्या जगात एकट्या माझ्याकडेच त्याला हलकं वाटतं, असं त्याच्या बायकोनं मला सांगितलंय. त्यासाठी तिनं माझे आभारही मानलेत. मी ते घेतले.

परवा त्याची मुलगी सोबत आली होती. बीडला कॉलेजात आहे, धीट पोरगी. तिला गाडी शिकायची आहे, आणि बाप नाही म्हणतो. काका, तुम्ही सांगा ना त्यांना, म्हणाली. मी काही बोलायच्या आत सुधाकरच बोलला. आवाज चढवला नाही. चहाचा कप खाली ठेवून, हवापाणी बोलावं तसं म्हणाला, "आपल्याला गाडी न्हाई बाई. तुझ्या आज्याला म्या मारलं. बिरेक आन ॲक्सिलेटर कळलं न्हाई मला. इच्यार ह्याला."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. तिला ते खोटं ठरायला हवं होतं. तिच्या तोंडावर ते स्वच्छ दिसत होतं. एक शब्द पुरला असता. भीती कसली होती आता? तुरुंगाची? या वयात? पुरावा मीच जाळलेला.

मी मान हलवली. हो म्हणून.

तिनं ओढणी सावरली आणि बापाच्या हाताला धरून त्याला चौकाकडे घेऊन गेली. त्याचा उजवा पाय फरफटत होता. त्या पायानं त्या दिवशी ब्रेकच दाबला होता.