सालाखालची चांदणी

नामदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकान उघडून नुकतीच उदबत्ती लावली होती. फोन त्याच्याच नंबरवरून आला होता, म्हणून मी उचलल्या उचलल्या विचारलं, "काय रे, घावली का?" पलीकडे त्याचे चुलते होते. ते म्हणाले, "नामा गेला ओ. टेम्पोत दुधाचा कॅन चढवताना खाली बसला, तो उठलाच न्हाई." मी काय बोललो ते मला आठवत नाही. आठवतंय ते एवढंच, की माझा तो पहिला प्रश्न त्या माणसाच्या कानात गेला होता आणि तो आता परत घेता येणार नव्हता.

त्या प्रश्नाचा अर्थ सांगायला हवा. माझं भोरला मेडिकलचं दुकान आहे. नामदेव गुंजवण्याचा, थोडं भात आणि दुधाचा टेम्पो. वेल्ह्यापासून भोरपर्यंत त्याच्या रोजच्या फेऱ्या. आमची ओळख बँकेत झाली. दुकानाला सुटे लागतात म्हणून मी चिल्लरची पिशवी घेऊन निघालो होतो, तर मागून दुधाचा वास आला आणि एक माणूस म्हणाला, "शेठ, पिशवी फोडायच्या आदी जरा मला बगू द्या की." मला वाटलं हा उचल्या असणार. मी पिशवी पोटाशी धरली. तो खो खो हसला आणि त्यानं मला चक्क हाताला धरून बँकेच्या पायरीवर बसवलं. मग तो एकेक रुपया अंगठ्यानं पुसून, पालथा करून त्यावर छापलेल्या सालाखाली बघायला लागला. रुपया चार टांकसाळींत पाडतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. सालाखाली चौकट असेल तर मुंबई, ठिपका असेल तर नोएडा, चांदणी असेल तर हैदराबाद, काहीच नसेल तर कलकत्ता. पुढ्यात रुपयांचा ढीग, दारातून येणारी-जाणारी माणसं आमच्याकडे बघतायत, आणि मी, भोरातला चारचौघांत वावरणारा माणूस, त्या दिवसापासून त्याच्या नादाला लागलो ते लागलोच.

आमची पद्धत साधी होती. वेल्ह्याकडच्या बँकांत जत्रांनंतर देवळांच्या दानपेट्यांची चिल्लर येऊन पडते. हळदीकुंकवानं चिकट झालेली, कुणालाच नको असलेली. नामदेव ती नोटा देऊन घ्यायचा, टेम्पोत बसून बघायचा, हवं ते काढून त्याच्या जागी खिशातलं घालायचा आणि पिशव्या माझ्या दुकानात आणून टाकायचा. मग मी पुन्हा बघायचो, कारण त्याच्या नजरेवर माझा विश्वास नव्हता, आणि त्याचा माझ्यावर तर अजिबातच नव्हता. भोरातल्या कितीतरी आजाऱ्यांना आम्ही दोघांनी चाळलेले रुपये परत मिळालेत. वेल्ह्याच्या कॅशियर बाई आधी वैतागायच्या. "मामा, एकदा नेलेली चिल्लर परत आणायची नाही, आधीच सांगते." त्यावर नामदेव म्हणायचा, "मॅडम, परत कशाला आणू? भोरचं मेडिकल समदं गिळतंय." पुढे त्यानं गाय व्याली की त्यांना चीक नेऊन द्यायला सुरुवात केली, आणि बाई खरवस खाऊन इतक्या मऊ झाल्या की नवी पिशवी आली की त्याच फोन करायच्या. लाघवी माणूस होता. थापाड्याही तितकाच. एका बँकेत त्यानं मी मोठा डॉक्टर आहे असं सांगून ठेवलं होतं, आणि मी गेलो की तिथले शिपाई मला गुडघे दाखवायचे.

जुनी, राजाच्या तोंडाची नाणी आम्हाला परवडणारी नव्हती. आम्ही स्टीलच्या छोट्या रुपयाचा संच जमवत होतो, प्रत्येक सालाचे, प्रत्येक टांकसाळीचे. अल्बम एकच, तो त्याच्या घरी. होता होता सगळे कप्पे भरले, एक सोडून. एका सालाची चांदणी मिळेना. साल इथं लिहीत नाही, लिहिलं असतं तर नामदेव म्हणाला असता, "झालं, आता लावा रांग बँकेत." बाजारात ती विकत मिळाली असती, किंमतही काही फार नव्हती. पण विकत घ्यायची नाही असं ठरलं होतं. ती आपल्या तालुक्यांतल्या पिशवीतूनच निघाली पाहिजे. वर्षं गेली. भेटलो की, फोन केला की, पहिला प्रश्न "घावली का?" एकदा मी एक पिशवी त्याच्या आधी फोडली म्हणून तो भांडायला उठला. "तुला घावली तर तू मला दावणारच न्हाईस, शेठ. गपचिप ठिवशील." मला राग आला. मी म्हणालो, "अरे गाढवा, घावली तर आधी तुलाच दाखवीन. बायकोलासुद्धा नंतर." तेव्हा कुठे तो चहा प्यायला बसला.

सवय अशी जडली होती की हातात रुपया आला की अंगठा सालावर जायचा. टपरीवर, एसटीत, आरतीच्या ताटात टाकतानासुद्धा. सुमनवहिनी म्हणजे त्याची बायको, त्या चिडायच्या. "देवाला देतानी तरी उलटंपालटं करू नगा." आम्ही निर्लज्जासारखे हसायचो. पण त्याची आई गेली तेव्हा मी तिथं होतो. आमच्याकडे माणूस गेलं की कपाळाला बुक्का लावून त्यावर रुपया चिकटवतात. नामदेवनं खिशात हात घातला, हाताला आलेला रुपया काढला आणि सरळ लावला. नंतर अंगणात मी हलकेच विचारलं, "बघितला होतास का?" तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला खाली बघावं लागलं. "आईला दिल्यालं बगत्यात व्हय?" एवढंच म्हणाला. मी समजलो असं मला तेव्हा वाटलं होतं.

फोन आल्यावर मी गाडीला किक मारली. नसरापूरला हार घेतला. हारवाल्यानं उरलेले पैसे चिल्लरमध्ये दिले, ते मी न बघता खिशात कोंबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच न बघता. मार्गासनी ओलांडेपर्यंत डोळे पुसत होतो, हे खरं आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की या माणसाला दुःख झालंच नव्हतं... झालं होतं. म्हणून तर लाज अधिक वाटते.

अंगणात त्याला ठेवलं होतं. खाचरांत भात कापायला आलेलं, गावातली माणसं विळे टाकून आली होती. चुलत्यांनी बुक्का लावला आणि हात पुढे केला, "रुपया द्या कुणी." सगळे खिसे चाचपायला लागले. हल्ली सगळ्यांचे पैसे मोबाईलमध्ये, कुणाकडे सुटा रुपया निघेना. आतल्या कपाटात रुपयांचा अल्बम, आणि बाहेर त्याच माणसाच्या कपाळाला लावायला रुपया नाही. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो, म्हणालो, "आहे माझ्याकडे." खिशातून मूठभर चिल्लर काढली, एक रुपया उचलला आणि अंगठा सालावर गेला. रुपया पालथा झाला. साल तेच होतं. सालाखाली चांदणी होती.

मी तो रुपया मुठीत दाबला आणि दुसरा दिला.

विचार केला, मनाशी झगडलो, असं काही झालं नाही. हात आपला चालला. चुलत्यांनी दुसरा रुपया लावला, लोकांनी हार घातले, आणि मी मान वर केली तर उशाशी बसलेल्या सुमनवहिनी माझ्या मुठीकडे बघत होत्या. नदीपर्यंत जाताना, चितेला लाकूड ठेवताना, मूठ तशीच. घामानं भिजलेली. आईच्या वेळी न बघणारा माणूस पुढे चालला होता आणि त्याच्या मागून मी, त्याच्याच पुढ्यात चोरी केलेला. तेराव्याला गेलो, जेवलो, वहिनींच्या समोर न येता निघून आलो. हे त्याहून वाईट.

शेवटी परवा गेलो. भात झोडून झालं होतं, वहिनी ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. मी रुपया त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी..."

"बगितलं म्या," त्या म्हणाल्या. सूप खाली ठेवलं. "उलटा केलासा, अन् मुठीत घेतलासा. तवाच कळलं."

"माझं चुकलं. तो त्याच्या कपाळाला लागायला हवा होता."

त्यांनी रुपया उचलला, उजेडाकडे तिरका धरला. आयुष्यभर ज्याला लोखंड म्हणून हिणवलं ते बोटांत फिरवत त्यांनी विचारलं, "हीच का ती?"

"हीच."

मला वाटलं आता रागावतील, आणि रागावल्या तर बरं होईल. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "जाळात जाऊन काय हुनार हुतं, भाऊजी? ठिवलासा त्ये ठिवलासा. पर त्यांच्या म्होरं बसला हुतासा की. त्यांला दावायची तरी हुती."

मला हे सुचलंच नव्हतं. इतके दिवस मी स्वतःला कपाळाच्या रुपयासाठी शिव्या घालत होतो. हातभर अंतरावर त्याचा चेहरा होता. नुसतं वाकून त्याला सांगायचं होतं, लोक काय म्हणतील ते म्हणोत. तेवढंही मी केलं नाही, कारण माल लपवायची घाई होती. त्यानं पिशवीवरून भांडताना जे माझ्याबद्दल म्हटलं होतं, तेच मी त्याच्यासमोर करून दाखवलं.

वहिनींनी कपाटातून अल्बम काढून दिला. रुपया मात्र त्यांनी स्वतः कप्प्यात लावला नाही, मलाही लावा म्हणाल्या नाहीत. "दोनी घिऊन जावा. मला त्यातलं काय कळतंय? ज्याला कळत हुतं त्यो गेला." चहा केला, तो मी प्यायलो, आणि निघालो.

अल्बम आता दुकानात देवाच्या फोटोखाली आहे. तो कप्पा रिकामाच आहे. भरायला हात धजत नाही. रुपया गल्ल्यात वेगळा ठेवलाय. सकाळी उदबत्ती लावली की मी तो काढतो, उजेडात धरतो. चांदणी असते. तोंडून "नामदेव, घावली रे" असं येतंय तोवर पहिलं गिऱ्हाईक पायरी चढतं, आणि मी मूठ मिटतो.