पार्बतामावशीची मालिका

पार्बतामावशी टीव्हीतल्या माणसांना शिव्या द्यायची. मालिकेतली सासू दाराआड उभी राहून ऐकू लागली, की मावशी पाटावरून अर्धी उठायची. "काहून वं सटवे, दुसऱ्याचं ऐकून राह्यली?"

मी लग्न होऊन किन्हीराजाहून मेडशीला आले, तेव्हा आमच्या गल्लीत रंगीत टीव्ही तिच्याकडेच होता. नवरा वारलेला, मुलगी रिसोडला दिलेली. मावशी एकटी राहायची. दुपारची भांडी झाली की बाया तिच्या घरी जमायच्या. तिला अक्षर येत नव्हतं, आकडाही नाही. पण टीव्हीच्या अंगावरचं बटण दाबत दाबत ती हवं ते चॅनल बरोबर काढायची.

ज्या बाईची मालिका चुकली, तिला ती दुसऱ्या दिवशी निंदणात ऐकायला मिळे. सोयाबीनमध्ये पात, म्हणजे निंदायची आपापली ओळ, धरली की कुणीतरी म्हणायचंच, "सांग ना वं मावशी."

"हात चालू ठेवा, मंग सांगतो," म्हणून ती सुरू करायची. तिच्या तोंडून सासू नाकात बोलायची, सून हुंदके द्यायची. शेताची मालकीणसुद्धा कान देत बांधावरून जवळ सरकायची.

मग केबलवाला घरोघर सांगून गेला की जुनं केबल बंद होणार, आता प्रत्येक टीव्हीला सेट-टॉप बॉक्सचा डबा लागेल. एक दिवस सगळ्यांच्याच पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या. मावशीकडेही डबा बसला, हातात रिमोट आला. तोवर बहुतेक घरांत टीव्ही आले होते. ज्या दोघीतिघी अजून तिच्याकडे यायच्या, त्यांना तिने दारातूनच सांगितलं, "माह्या डोयाले पानी येते. आता नाई पाहत मी."

पण निंदणातली गोष्ट काही थांबली नाही. उलट ती फारच रंगायला लागली. एका मोठ्या घरची मुलगी, तिचा मुका भाऊ, विहिरीत ढकललेला कारभारी. "कोनत्या चॅनलवर लागते वं हे?" बाया विचारायच्या. मावशी गवत उपटत म्हणायची, "तुमच्या डब्ब्यात नाई येत ते."

एका संध्याकाळी मी विरजण मागायला तिच्याकडे गेले. दार लोटलेलं होतं. आत टीव्हीवर माणसं भराभर कुठली तरी दक्षिणेकडची भाषा बोलत होती आणि मावशी पदराने डोळे पुसत बघत होती. मला पाहताच तिने धडपडून डब्याची वायरच उपटली.

"रिमोटचं काहीतरी दाबल्या गेलं," ती खाली बघून म्हणाली. "मंग तेच लागून राह्यलं. वापस आनता नाई आलं मले."

"अहो मावशी, मी लावून देते ना."

"आज लावशीन. उद्या पुन्हा बिघडलं तं? दर बारीले कोनाच्या दारात जाऊ मी? या वयात?" मग तिने माझा हात धरला. "कोनाले सांगू नको वं पोरी."

मी नाही सांगितलं. पण पोळ्याला तिचा भाचा वाशीमहून आला. त्या दिवशी बाया तिच्या ओसरीवर गप्पा मारत बसल्या होत्या. त्याने आत जाऊन टीव्ही लावला आणि मोठ्याने हसला. "मावशे, हे तं तेलुगू हाये! तुले काय समजते त्यातलं?"

मग एकीने विचारलं, "म्हंजे तो मुका भाऊ?" आणि सगळ्या हसत सुटल्या. वाईट मनाने नव्हे, पण डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मावशी चहा गाळत होती. गाळणी तशीच ठेवून ती आतल्या खोलीत गेली. मला वर बघवेना. चहा मीच दिला. तो पिताना हळूहळू सगळ्यांचंच हसू ओसरलं.

त्यानंतर ती निंदणाला आली नाही. शेवटी आम्ही सगळ्या मिळून तिला आणायला गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "तुमी हसल्या त्याचं काही नाई," ती म्हणाली. "मी रोज खोटं बोलली तुमच्यासंग. कोनत्या तोंडानं येऊ?" हसण्याची सुरुवात केलेली बाई तिच्या पायाशी बसली. "खोटं तं खोटं, मावशी. पुढं काय झालं ते सांग." मावशीने नकारार्थी मान हलवली.

पुढे ती कामावर आली, पण पात शेवटची धरायची. बायांकडे पाठ करून, गप्प. मी मराठी चॅनल लावून दिलं होतं. ते तिने कधी लावलेलं ऐकू आलं नाही.

दिवाळीनंतर मुलगी तिला रिसोडला घेऊन गेली. मी बसथांब्यावर पोचवायला गेले होते. एसटी सुरू झाली तशी मावशी खिडकीतून वाकली.

"त्या बायाईले सांगजो, मी कोनाले फसवलं नाई. मले खरंच तसंच दिसत होतं."

दुसऱ्या दिवशी तुरीच्या शेतात मी तो निरोप सांगितला. त्या दिवशी एकमेकींकडे न बघताच आम्ही काम केलं.